शिक्षक-मार्गदर्शन, द्वैभाषिक वर्गांतील

शिक्षक-मार्गदर्शन, द्वैभाषिक वर्गांतील : (नासिक जिल्हा व परिसर). ज्या प्राथमिक वर्गातील मुलांची घरची बोली एक व पाठ्यपुस्तकाची भाषा दुसरी असते, अशा वर्गाच्या शिक्षकास अनुभवी शिक्षकाने प्रत्यक्ष वर्गात जाऊन केलेले साहाय्य म्हणजे द्वैभाषिक शिक्षक-मार्गदर्शन होय. ते तपासणीहून व प्रशिक्षणाहून वेगळे आहे. तपासणीत नियमांचे पालन व मुलांची प्रगती पाहिली जाते. प्रशिक्षणात शिक्षकास त्याच्या वर्गातून बाहेर काढून अध्यापनाची तत्त्वे शिकविली जातात. मार्गदर्शनात मात्र शिक्षकाची अडचण त्याच्याच वर्गात, त्याच्याच मुलांसमवेत सोडविण्याचा प्रयत्न असतो. महाराष्ट्रात या कामासाठी बहुधा वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकांतूनच माणसे निवडली गेली. परंतु पद मिळताच त्यांच्याकडे तपासनिसाची कामेही आली. या दोन भूमिकांतील ओढाताण हा या विषयाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

भाषिक पार्श्वभूमी : नासिक जिल्ह्याच्या पश्चिम व उत्तर भागातील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, दिंडोरी, कळवण व बागलाण या तालुक्यांत कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल इ. आदिवासी जमातींची वस्ती आहे. बागलाण-मालेगाव भागात अहिराणी बोलली जाते, तर मालेगाव शहरात उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकविली जाते. उर्दू शाळेतील भाषाभेद उघड असतो. कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांची स्थिती अधिक अवघड आहे. या बोली मराठीला जवळच्या असल्याने मुलाला पुस्तकी मराठी समजते, असे शिक्षक गृहीत धरतो. न समजलेले मूल गप्प बसते आणि त्याचे मौन हे मंदबुद्धीचे लक्षण समजले जाते. हा गैरसमज परिपत्रकाने दूर होत नाही. मुलाचे बोलणे ऐकून त्याचा अर्थ शिक्षकास दाखवून देणारा सहकारी लागतो.

इतिहास : पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने जॉर्ज जर्व्हिस यांच्या प्रयत्नांनी प्रशिक्षित केलेले २४ शिक्षक १८२६ मध्ये जिल्ह्यांतील शाळांवर पाठविले. त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या कामावर देखरेखीचा प्रश्न उपस्थित झाला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) हे एल्फिन्स्टन संस्थेतील अध्यापक. १८४५ मध्ये त्यांच्याकडे प्राथमिक शाळांची तपासणी व अध्यापकवर्गाचे संचालन ही दोन्ही कामे आली. वर्गाध्यापनातून शिक्षकांच्या मार्गदर्शनाकडे वळलेल्यांचे हे महाराष्ट्रातील एक आरंभीचे ठळक उदाहरण होय. वुडच्या खलित्यानंतर (१८५४) शिक्षणखाते स्थापन झाले व तपासनिसांची श्रेणीबद्ध यंत्रणा उभी राहिली. शाळेचे अनुदान व शिक्षकाची बढती तपासनिसाच्या शेऱ्यावर अवलंबून राहू लागल्याने आपली अडचण त्याच्यापुढे मांडणे शिक्षकास गैरसोयीचे झाले.

या परंपरेहून वेगळा मार्ग नासिकच्या शेजारील तत्कालीन ठाणे (२०१४ पासून पालघर) जिल्ह्यात आखला गेला. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–९२) या त्यांच्या सहकारी झाल्या. अनुताईंनी त्यापूर्वी नासिक जिल्ह्यात व नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून काम केले होते. बोर्डी व पुढे कोसबाड येथे त्यांनी स्वतः मुलांना शिकविण्याबरोबरच बालसेविका व शिक्षिका घडविण्याचे काम केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा पाड्यावरील अंगणात भरवावी, या विचारातून अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा सुरू झाली. पाने, शिंपले, खडे हेच शिक्षणसाहित्य ठरले. त्यामुळे वारली मुलाचे परिचित जग व त्या जगाचे शब्द शिक्षणाच्या आरंभी आले. शिकाऊ शिक्षिका हे सर्व अनुभवी शिक्षिकेच्या शेजारी बसून पाहू शकत होती. या पद्धतीचे बळ येथेच होते.

शासकीय यंत्रणा : सातव्या घटनादुरुस्तीने (१९५६) अनुच्छेद ३५० अ समाविष्ट होऊन भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची अपेक्षा राज्यांकडून व्यक्त झाली. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे गेले. कोठारी आयोगाने (१९६४–६६) जवळच्या शाळांनी परस्परांस साहाय्य करावे यासाठी शाळासंकुलाची कल्पना मांडली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. १९९४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळासमूहासाठी केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले. शिक्षकांना शैक्षणिक मार्गदर्शन करणे हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. व्यवहारात माहिती-संकलन, अहवाल व शासकीय योजनांची अंमलबजावणी यांत केंद्रप्रमुखाचा मोठा वेळ जाऊ लागला. सर्व शिक्षा अभियानात (२००१) गट व समूह साधन केंद्रे आणि साधनव्यक्ती यांची भर पडली. नासिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे सेवेतील शिक्षकांना वर्ग न सोडता पुढील शिक्षण घेण्याची सोय झाली.

मूल्यमापन : जून २००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाल्याने सुरगाण्याच्या वा पेठच्या मुलासमोर बोली, मराठी व इंग्रजी अशा तीन भाषा एकदमच उभ्या राहिल्या आणि मार्गदर्शकाची गरज वाढली. शिक्षण हक्क अधिनियमाने (२००९) शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षणाचे तत्त्व सांगितले. तथापि वर्गात ते उतरविण्याचे काम शिक्षकाचेच आहे. चांगला शिक्षक आपोआप चांगला मार्गदर्शक होत नाही. मुलांना शिकविण्याचे कौशल्य प्रौढ सहकाऱ्याला देताना स्वतः पुढे न होता थांबणे, त्याचा वर्ग निरखणे व निर्णय त्याच्यावर सोपविणे हे त्यास नव्याने शिकावे लागते. परिसराची बोली जाणणे, अधूनमधून स्वतः पाठ घेणे आणि गोपनीय अहवाल लिहिण्याच्या अधिकारापासून दूर राहणे, या तीन गोष्टी सांभाळल्या गेल्या तरच शिक्षक त्याच्याशी मोकळेपणाने बोलतो. तसे न झाल्यास शिक्षक आपली अडचण लपवितो आणि वर्गातील मूल गप्पच राहते.