तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर

(जन्म : जुलै १९३५, पंढरपूर, निधन : १५ जानेवारी २००२)

मराठी लोकरंगभूमीवरील ख्यातनाम नर्तिका, गायिका व अभिनेत्री. पूर्ण नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाईंना तमाशाचा वारसा घरातूनच लाभला. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील व चुलते यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ फड नावारूपास आला. शाळेत विठाबाईंचे मन रमले नाही. मात्र लावणी, गवळण, भेदिक यांचे संस्कार बालपणीच झाले आणि कोवळ्या वयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या.

गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने रंगणाऱ्या तमाशात नृत्य, गायन व अभिनय या तिन्हींचा कस लागतो. विठाबाईंनी तिन्हींवर हुकमत मिळविली. दिवस भरलेले असताना खेळ सुरू असतानाच त्यांना कळा आल्या. पडद्यामागे प्रसूती झाली, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा खेळासाठी सज्ज झाल्या. हे कळताच हेलावलेल्या प्रेक्षकांनी खेळ थांबवायला लावला, अशी आठवण सांगितली जाते.

१९५७ व १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतिपदकाचा सन्मान मिळाला; परंतु पदकांनी विपन्नावस्था टळली नाही. अखेरच्या आजारपणातील रुग्णालयाचे देयकही देणगीदारांच्या मदतीने भागवावे लागले. मृत्यूनंतर २००६ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. योगीराज बागूल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे त्यांचे चरित्र लिहिले. कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे चालविली.