तीनशे नऊची दहा वर्षं

परवा रविवारी पुतण्या आला होता. तो वकिली करतो. आला की चहा आणि चिवडा, आणि मग माझ्या कपाटातली पुस्तकं चाळणं, हा त्याचा क्रम ठरलेला. त्या दिवशी मात्र त्यानेच मला एक पुस्तक आणलं होतं. नवी न्याय संहिता. "काकू, तुम्हाला इतिहास लागतो ना, आता इंडियन पिनल कोडसुद्धा इतिहासात जमा झाला," असं म्हणाला. १ जुलै २०२४ पासून तो कायदा गेला हे पेपरात वाचलं होतं, पण पुस्तक हातात घेतलं नव्हतं. घेतल्याबरोबर मी काय शोधलं असेल? कलम ३०९. पुतण्याला नवल वाटलं. एखाद्या मास्तरणीला खुनाचं ३०२ माहीत असतं, फसवणुकीचं ४२० तर सगळ्यांनाच माहीत असतं. हिला ३०९ कुठून माहीत?

तर मंडळी, ही त्याचीच गोष्ट. थोडी कायद्याची, थोडी माझी.

३०९ म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाचं कलम. मेला तर सुटला, वाचला तर आरोपी! शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मेकॉलेसाहेबांनी १८३७ मध्ये मसुदा केला, कायदा १८६० चा, अंमल १८६२ पासून. ज्या इंग्रजांनी हे कलम इथे आणलं त्यांनी आपल्या देशात १९६१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. आपण मात्र सांभाळून ठेवला. १९७१ मध्ये लॉ कमिशनने काढून टाका म्हणून सांगितलं, १९७८ मध्ये राज्यसभेने तसं विधेयक मंजूरही केलं, पण १९७९ मध्ये लोकसभाच बरखास्त झाली आणि ते तिथेच बारगळलं.

आता वेड्यांच्या कायद्याबद्दल थोडं. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. आम्ही लहान असताना कुणी जरा विचित्र वागलं की "याले नागपूरले धाडा" असं म्हणत, त्यात वेगळं काही सांगावं लागत नसे. पण तिथे जायचा रस्ता दवाखान्यातून नव्हता, कोर्टातून होता. १९१२ च्या लुनसी ॲक्टप्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला पोलिसाने धरायचं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने त्याला आत घालायचं. कुणाला तुरुंगातच ठेवून देत. गुन्हा काही नाही, नुसतं वेड! ही पद्धत बेकायदेशीर आणि घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टाला १९९३ मध्ये सांगावं लागलं, तेही मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी प्रकरण नेलं म्हणून. १९१२ चा कायदाही १९९३ पर्यंत चालला. १९८७ मध्ये नवा झाला होता, पण लागू व्हायला सहा वर्षं लागली. असो.

मला सांगायचं आहे ते मारुती श्रीपती दुबळ या माणसाबद्दल. मुंबई पोलिसातला साधा शिपाई. १९८१ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला मार लागला आणि त्यानंतर मनाचा आजार जडला. बायकोने भाजीच्या दुकानासाठी महापालिकेकडे खेटे घातले, काम होईना. १९८५ मध्ये तो स्वतः महापालिकेच्या कचेरीत गेला. कमिशनरांची भेट मिळाली नाही, तेव्हा तिथेच अंगावर रॉकेल ओतून घेतलं. लोकांनी धरलं, जीव वाचला. आणि लागलं ३०९!

हा खटला मुंबई हायकोर्टात गेला आणि १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे पाटील यांनी ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. निकालात बरंच काही आहे, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो का वगैरे. पुढे सगळा वाद त्याच मुद्द्यावर झाला. पण मला त्यातला साधा मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. मनाच्या आजारामुळे जो असं करतो त्याला उपचार हवेत, कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडेल, असं न्यायाधीशांनी स्पष्ट म्हटलं. कोर्टाच्या दारातून माणसाला डॉक्टरच्या दाराकडे वळवायचं, ही कल्पना आपल्याकडे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कुणी मांडलेली मला तरी सापडली नाही. आणि ती मांडली गेली एका शिपायाच्या निमित्ताने!

हायकोर्टाचा निकाल म्हणजे आपल्या वऱ्हाडालाही लागू. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही दुसऱ्या एका खटल्यात ३०९ रद्द ठरवलं. पण १९९६ च्या मार्चमध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ग्यान कौर खटल्यात ते फिरवलं आणि कलम पुन्हा जिवंत झालं. म्हणजे महाराष्ट्रात १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं हा गुन्हा नव्हता. ही दहा वर्षं मी एरवी कशाला मोजली असती?

१९९८ सालची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी, नाव सांगत नाही. दहावीपर्यंत शिकला, इतिहासात बरा होता, सनावळ्या तोंडपाठ. वडिलांमागे पाच एकर वावर सांभाळायचा. तेव्हा सव्वीस वर्षांचा असेल. एके दिवशी त्याची आई शाळेत आली. "बाई, त्यानं फवाऱ्याचं औषध घेतलं." दवाखान्यात गेले तर बाहेर स्टुलावर हवालदार बसलेला, जबाबासाठी. डॉक्टरांनी जीव वाचवला, खरंच जिवापाड मेहनत केली त्यांनी. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हवालदाराने. दुसरा मी. आणि माझा प्रश्न काय होता? "तुला लाज नाही वाटली? आईचा विचार नाही केलास?" त्याने भिंतीकडे तोंड केलं.

मग केस उभी राहिली. दोन पेशींना मी त्याच्याबरोबर गेले. त्याचा वकील म्हणाला, कबूल करून टाक, थोडा दंड होईल, चकरा वाचतील. मीही म्हणाले, कबूल करून टाक बाबा. मॅजिस्ट्रेटने विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, "हो साहेब." दंड झाला, पावती मिळाली. वर्गात हजेरी घ्यायला मला याहून जास्त वेळ लागायचा. का केलंस, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. विचारणारं माणूसच तिथे नव्हतं. दोन वर्षं आधी हे घडलं असतं तर खटलाच उभा राहिला नसता.

तेव्हा कायद्यात वेड्या आरोपीची सोय नव्हती असं नाही. फौजदारी संहितेत कलम ३२८ होतं. आरोपीचं डोकं ठिकाणावर नाही असं मॅजिस्ट्रेटला वाटलं तर त्याला सिव्हिल सर्जनकडून तपासून घ्यायचं. पण वाटलं पाहिजे ना! हा पोरगा स्वच्छ शर्ट घालून, भांग पाडून उभा होता. दिसायला वेडा नसलेल्या आजारी माणसासाठी त्या पुस्तकात पान नव्हतं.

मजा बघा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रोवर्ड काउंटीत मनोरुग्णांसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं होतं. किरकोळ गुन्ह्यातला आरोपी, त्याची तयारी असेल तर, तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवायचा, आणि त्यासाठी न्यायाधीशाच्या मदतीला मानसोपचाराची माणसं. आमची भाची तिकडे आहे, तिनेच मला याबद्दल पाठवलं. वाचून मी नुसती बसून राहिले.

त्या पोराचं पुढे काय झालं? दीड वर्षाने त्याची झोप पुन्हा उडाली. आई पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी मी शहाणपण शिकवलं नाही, अकोल्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारलं, "झोप कशी आहे?" आणि पोरगा बोलायला लागला. "साहेब, तीन तीन महिने झोप नाही येत. सकाळी उठून धुऱ्यावर नुसता बसतो. पऱ्हाटी दिसते, पण काही वाटतच नाही." कर्ज होतंच, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. झोपेचं कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा नाही. दोन वर्षं गोळ्या चालल्या.

त्यानंतर कायदा हळूहळू हलला. फौजदारी संहितेतल्या दुरुस्तीने २००९ पासून सिव्हिल सर्जनने असा आरोपी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचा असं ठरलं. १८६२ पासून मोजा किती वर्षं झाली ते! मग २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ मध्ये लागू झाला. त्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत त्याच्यावर ३०९ चा खटला नाही, शिक्षा नाही, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं काम. भटकणाऱ्या आजारी माणसाला पोलिसांनी चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये कधीही ठेवायचं नाही, हेही त्यात आहे. आपल्या भागात २०१५ पासून शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला, २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा फोन आहे. (हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, नातेवाइकांनो. मी ठेवला आहे.)

आणि नव्या संहितेत ३०९ नाही. मी दोनदा पानं उलटली. पण पुतण्याने २२६ दाखवलं. सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी किंवा काम करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर तो अजून गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा समाजसेवा.

मी म्हटलं, "अरे, मग दुबळ? तो तर महापालिकेच्या कचेरीतच गेला होता."

पुतण्या जरा वेळ गप्प बसला. म्हणाला, "काकू, वाद घालता येईल. ११५ मध्ये नाव जुन्या ३०९ चंच आहे, तोही एक मुद्दा निघेल." म्हणजे ज्याच्यामुळे ते कलम पहिल्यांदा पडलं, तो माणूस आज असता तर त्याच्या वकिलाला पुन्हा उभं राहावं लागलं असतं. तेव्हाही डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाशी आधी कोण बोललं असतं, हवालदार की डॉक्टर, ते तो कुठल्या गावात होता यावर ठरलं असतं. कायद्यात तज्ज्ञाचं नाव आलं हे खरं, पण तालुक्याच्या कोर्टात मी पाहिलेली ती खोली आठवते तेव्हा त्याची खुर्ची नेमकी कुठे मांडणार, हे मला अजून दिसत नाही.

हे लिहायच्या आधी त्या विद्यार्थ्याला फोन केला, परवानगीसाठी. आता तो पन्नाशी ओलांडून गेला आहे, पोरीचं लग्न केलं. "लिहा ना बाई, नाव नका टाकजा फक्त." मी त्याला सांगितलं, ते कलम गेलं बरं का. तो हसला.

"मंग माह्या दंडाचे पैसे वापस भेटतीन काय?"

पावती अजून आहे म्हणाला, सातबाऱ्याच्या फायलीत. मग मी पऱ्हाटी कशी आहे विचारलं, तर अर्धा तास तेच बोलत होता.