आमच्या भोजनालयातल्या वाट्या



बालाघाटच्या जुन्या मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की आपण गणेशोत्सव, हळदीकुंकू, वकिलांचे वाडे आणि छोटी लाईन इथूनच सुरुवात करतो. मी आज खरकट्यापासून करणार आहे. ही गोष्ट आमच्या घरात पन्नास वर्षं कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाबा गेले, आई गेली, आता मीही सत्तरीत आलो. म्हटलं, लिहून टाकावं.

आमचे आजोबा भंडाऱ्याहून इथे आले ते कोर्टाबाहेर अर्ज लिहायला. तेव्हा भंडारा सोडून बालाघाटला येणं म्हणजे परप्रांतात जाणं नव्हतं. सगळा मध्य प्रांतच. राजधानी नागपूर, हायकोर्ट नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी वाटणी झाली. भंडारा-गोंदिया मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि हायकोर्ट जबलपूरला आलं. चाळीस किलोमीटरवरचं गोंदिया दुसऱ्या राज्यात, आणि खटल्यासाठी मात्र छोट्या गाडीनं उलट्या दिशेला, नैनपूरवरून जबलपूर. आजोबांचे पक्षकार आता रात्री-अपरात्री स्टेशनवर बसून राहायचे. त्यांना पाहूनच बाबांच्या डोक्यात भोजनालय आलं. ५८ साली स्टेशनच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन सुरू केलं. पोळी, वरण-भात, एक रस्सा, एक सुकी भाजी, कांदा-लिंबू, लोणचं. भात आपल्याकडचा, त्यामुळे भाताचं नाव चांगलं झालं. लांजी-वारासिवनीचे लोकही मुद्दाम थांबून जेवून जात.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या पंगतीत उष्ट्याचा प्रश्न वाढप्याच्या हातानंच सुटलेला असतो. भांडं त्याच्याकडे. तो वाकतो, वरून वाढतो, पळी पानाला लागू देत नाही. पानात पडलं ते जेवणाऱ्याचं. भांड्यात उरलं ते स्वच्छ, पुढच्या पंगतीला चालतं. मधे रेषा स्पष्ट आहे. हॉटेलनं ती रेषा पुसली. वाढायला दोनच पोरं आणि गाडी सुटायच्या आधी तीस जण जेवायचे, म्हणून बाबांनी भाताची मोठी वाटी, वरणाचा छोटा गंज, कांदा-लिंबाची बशी असं सगळं टेबलावरच मांडून ठेवायला सुरुवात केली. ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. लोक खूष. सोय झाली. पण वाटीत उरलेलं कुणाचं, ते कुणी ठरवलं नाही.

सुरुवातीला ते सगळं मागच्या बादलीत जायचं. ते बदललं ६५-६६ मध्ये. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना सांगायला नको. दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला होता, रेशनवर अमेरिकेचा गहू, तांदळावर बंधनं. शास्त्रीजींनी एक वेळ उपास करा म्हटलं तेव्हा सोमवारी संध्याकाळी आमचं भोजनालयही बंद राहायचं, आणि बाबा ते अभिमानानं सांगायचे. अन्नाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपली घरं. अशा दिवसांत अर्धी वाटी पांढराशुभ्र भात बादलीत ओतताना बाबांचा जीव तुटत असणार, यात मला आजही शंका नाही. एक दिवस त्यांनी आचाऱ्याला सांगितलं, "वाटीतला भात हात लागला नसंल त बाजूला ठेवत जा जी. फोडणीला कामात येईल."

फोडणीच्या भातापासून सुरू झालं. मग कांदा-लिंबाच्या बशीवर आलं. मग लोणचं. मग वरणाचा गंज पुन्हा चुलीवर. वर्षभरात उरलेली वाटी सरळ पुढच्या टेबलावर जाऊ लागली, वर थोडा गरम भात घालून. कुणी ठरवून केलं नाही. रोज थोडं थोडं सरकत गेलं, आणि टंचाई संपली तरी परत मागे आलं नाही. हे मला सगळ्यात बोचतं. ६८ साली बाजारात तांदूळ होता, पण आमची सवय पक्की झाली होती.

आणि यात माझं काम काय होतं? शाळेतून आलो की मी टेबलं आवरायचो. "हात लागलेलं" इकडे, "न लागलेलं" तिकडे. या दोन ढिगांचा न्यायाधीश मी. वय वर्षं दहा-अकरा. भातावर पिवळा डाग दिसला की बादलीत, नाही दिसला की आत. गिऱ्हाइकानं तोंडात घातलेला चमचा वाटीत बुडवला होता का, खोकताना तोंड वाटीकडे होतं का, हे मी कुठून सांगणार? तरी ठरवायचो, भराभर.

घरी आजीचं सोवळं कडक. पारोशानं मडक्याला हात लावला तर ती मडकं पालथं करायची. तिला भोजनालयात काय चालतं हे माहीत नसेल असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण गल्ल्याचा पैसा रोज रात्री तिच्याच हातात जायचा, आणि तिनं एकदाही मागची खोली पाहिली नाही. घरातल्यांच्या तोंडात उष्टं जाऊ नये, एवढंच आपल्या सोवळ्याला कळायचं. बाहेरच्याचं काय, हा प्रश्नच त्यात नव्हता.

उलट, आपल्या गावांत उष्टं देण्याची रीतच होती. लग्नाची पंगत उठली की मांडवाबाहेर टोपली घेऊन कोण बसलेलं असायचं, ते आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यांना ते हक्क म्हणून, मान म्हणून दिल्यासारखं दाखवायचं. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना जे सोडायला सांगितलं त्यात मेलेल्या ढोराचं मांस होतं आणि हे शिळे, उष्टे तुकडेही होते. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला शाळेत शिकवतात. तुकड्यांचं कुणी शिकवत नाही.

आमच्याकडे एक कारकून जेवायला यायचे. नाव लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं आहेत. कलेक्टर कचेरीत नोकरी, लांजीकडचे, एकटेच खोली घेऊन राहायचे. महिन्याचे पैसे आगाऊ देणारे मोजके गिऱ्हाईक होते, त्यातले एक. पांढरा शर्ट, खिशाला पेन, जेवताना वर्तमानपत्र. ७० च्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. त्यांच्या समोर मी भाताची वाटी ठेवली. त्यांनी चमचा घातला, आणि भातातून लिंबाची चोखलेली फोड निघाली.

ते ओरडले नाहीत. फोड बशीत काढून ठेवली, हात धुतले, गल्ल्याशी आले. मी बाबांच्या शेजारीच उभा होतो. ते म्हणाले, "दादाजी, माझा बाप मांडवाबाहेर टोपली घेऊन बसायचा. छप्पन साली नागपूरला जाऊन आला अन् टोपली जाळून टाकली. मले शिकवलं. आता मी पैसे देऊन तेच खाऊ का जी?"

बाबा काहीतरी पुटपुटले, पोराची चूक झाली वगैरे. म्हणजे माझी. कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याची नाही." उरलेल्या महिन्याचे पैसे बाबा परत देत होते. त्यांनी घेतले नाहीत.

मी पुढे वकिली केली, तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. अन्नभेसळीचा १९५४ चा कायदा देशात लागू झाला तो १ जून १९५५ ला. आणि अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा १९५५ चा कायदाही लागू झाला तो त्याच दिवशी, १ जून १९५५ ला. दुसऱ्या कायद्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात जाण्याचाच नाही, तिथली भांडी वापरण्याचाही हक्क लिहिलेला आहे. म्हणजे त्या कारकुनांना आमच्या टेबलावर बसण्याचा हक्क एका कायद्यानं दिला होता आणि त्या टेबलावरचं अन्न शुद्ध असण्याचा दुसऱ्यानं, एकाच तारखेला. पहिला आम्ही पाळला. बाबा तसे सुधारकी होते, भोजनालयात कुणाची जात कधी विचारली नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

दुसऱ्या कायद्याचं म्हणाल तर फूड इन्स्पेक्टर यायचा. दूध, तेल, तिखट, हळद बघायचा. नमुना घ्यायचा, त्याचे तीन भाग करून सील लावायचा. तेलात काय मिसळलंय ते प्रयोगशाळा सांगते. भात कितव्यांदा टेबलावर आला ते सांगणारी प्रयोगशाळा नाही. घाणेरड्या अवस्थेत तयार केलेलं किंवा ठेवलेलं अन्नही त्या कायद्याच्या व्याख्येत बसत होतं, पण ते सिद्ध करायला कुणीतरी मागच्या खोलीत उभं राहायला हवं. तिथे मी उभा होतो. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आला, २०११ च्या ऑगस्टपासून लागू झाला. त्यात अस्वच्छ रीतीनं अन्न बनवण्याला एक लाखापर्यंत दंड आहे आणि छोट्या टपरीलाही नोंदणी आहे. तरी मागची खोली मागेच असते.

आणखी एक गोष्ट आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हती. आम्हाला वाटायचं, पुन्हा उकळलं की सगळं मेलं. भाताच्या बाबतीत ते खरं नाही. बॅसिलस सीरियस नावाचा जंतू असतो, त्याची बीजं भात शिजवताना मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ती वाढतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात, जे परत गरम करूनही जात नाही. म्हणून भात एकतर साठ अंशांच्या वर कडकडीत ठेवावा, नाहीतर लवकर थंड करून पाच अंशांच्या खाली. सकाळचा भात दुपारच्या गाडीला, दुपारचा संध्याकाळच्या गाडीला, असं आमचं चाललेलं. कुणाला काय झालं असेल, ते माणूस गाडीत बसून नैनपूरच्या पुढे गेल्यावर आम्हाला कसं कळणार?

हे फक्त आमचंच होतं असंही नाही. मुंबईला काकांकडे गेलो की इराण्याकडे जायचो. तिथे केक-खारीची बशी टेबलावर यायची. खाल्लं त्याचे पैसे, बाकीचं पुढच्या टेबलावर. सगळ्या मुंबईनं ते प्रेमानं चालवून घेतलं, आणि आज त्याच्याबद्दल गहिवरून लिहितात. कोरड्या खारीत आणि ओल्या भातात फरक आहे हे मान्य, पण बोटं तीच. आणि गरिबाच्या भोजनालयातच असं होतं असं समजू नका. जपानमध्ये ओसाकाचं सेंबा किच्चो हे अतिशय महागडं, नावाजलेलं हॉटेल. गिऱ्हाइकांनी न खाल्लेले पदार्थ दुसऱ्यांच्या ताटात वाढत होतं. २००८ च्या मे महिन्यात हे उघड झालं आणि त्याच महिन्यात हॉटेलला कायमचं कुलूप लागलं. तिथे टंचाई नव्हती. तरी कारण तेच सांगितलं गेलं, वाया घालवणं जिवावर येतं. ते वाचलं तेव्हा मला बाबांचा आवाज ऐकू आला.

आमच्याकडे त्या लिंबाच्या फोडीनंतर काय झालं ते सांगतो. बाबा दोन दिवस गल्ल्यावर बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठ्या वाट्या बोहारणीला देऊन टाकल्या. दोन पोरं जास्त ठेवली, वाढणं पुन्हा पंगतीसारखं हातानं सुरू केलं, कांदा-लिंबू ताटातच मोजून. जेवण दहा पैशांनी महाग झालं आणि काही गिऱ्हाईक गेलं. मागची बादली उचलून समोर, हात धुण्याच्या मोरीजवळ ठेवली. ताटातलं, टेबलावरचं, उरलेलं सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तिच्यात. संध्याकाळी गवळी म्हशींसाठी घेऊन जायचा. लोकांना बादली बघून किळस यायची, एक-दोघांनी तसं सुनावलंही. बाबांनी ती हलवली नाही.

बाबांनी हे का केलं ते कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. आईनं मला विचारलं होतं, मीही सांगितलं नाही.

कारकून परत जेवायला आले नाहीत. त्यांची बदली झाली नव्हती, काली पुतळी चौकात दिसायचे. बाबा सायकलवरून उतरून नमस्कार करायचे. ते "जय भीम, दादाजी" म्हणायचे आणि पुढे जायचे. वर्षानुवर्षं एवढंच. त्यांनी गावात ही गोष्ट कुणाला सांगितली असती तर आमचं भोजनालय आठवड्यात बसलं असतं. त्यांनी सांगितली नाही, हे मला खूप उशिरा लक्षात आलं.

९१ साली भोजनालय बंद केलं. जबलपूरकडची छोटी गाडीही २०१५ मध्ये थांबली, आता मोठी लाईन आहे. त्या दोन खोल्यांच्या जागी मोबाईलचं दुकान आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या वडलांनी, आजोबांनी ६५ ते ७० च्या दरम्यान स्टेशनजवळ आमच्याकडे भात खाल्ला असेल, त्यांना ही पोस्ट वाचून राग आला तर तो रास्त आहे. आणि लांजीकडच्या त्या घरातलं कुणी वाचत असेल तर मला जरूर कळवा. मला येऊन भेटायचं आहे.