मोबाइलचे कवच आणि अँटेना

मोबाइल हँडसेटचे कवच पातळ आणि तरीही मजबूत हवे, म्हणून अभियंत्यांचा ओढा धातूकडे असतो. परंतु धातूतून रेडिओलहरी आरपार जात नाहीत. अॅपलच्या २००७ मधील पहिल्या आयफोनची पाठ अॅल्युमिनियमची होती, पण तळाचा काळा भाग प्लास्टिकचा ठेवावा लागला, कारण अँटेना तेथेच होता.

जून २०१० मध्ये आलेल्या आयफोन ४ मध्ये तर कडेची स्टेनलेस स्टीलची पट्टीच अँटेना म्हणून वापरण्यात आली. कल्पना देखणी खरी; मात्र पट्टीच्या दोन भागांमधील डावीकडच्या खालच्या फटीवर तळहात टेकला की ते भाग एकमेकांना जोडले जात आणि सिग्नल क्षीण होई. तक्रारी वाढल्यावर जुलैमध्ये कंपनीने ग्राहकांना मोफत आवरणे देऊ केली. धातूला हात लागू नये, एवढाच तो साधा उपाय! २०११ च्या आयफोन ४एसमध्ये फोन स्वतःच दोन अँटेनांपैकी योग्य तो निवडू लागला.

पुढे धातूच्या अनेक हँडसेटवर प्लास्टिकच्या बारीक रेषा दिसू लागल्या, त्या लहरींना वाट देण्यासाठीच. २०१७ च्या आयफोन ८ची पाठ काचेची करण्यात आली. वायरविना चार्जिंगलाही धातू आड येतो.