कांबळे, शिवराम जानबा

(जन्म १८७५). पुण्यातील समाजसुधारक, पत्रकार आणि अस्पृश्यांच्या नागरी हक्कांसाठी झटणारे महार समाजाचे नेते. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची नोकरी सांभाळून त्यांनी हे लोककार्य केले.

कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या महारांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने लष्करभरती बंद केली, तेव्हा गावकीच्या वतनी कामाबाहेर इभ्रतीने पोट भरण्याचा एक प्रमुख मार्ग खुंटला. या अन्यायाच्या निवारणार्थ कांबळे यांनी १९०३ च्या सुमारास सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरवून १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे रवाना केला. तो निष्फळ ठरल्यावर १९१० मध्ये जेजुरी येथील दख्खनच्या महारांच्या परिषदेतर्फे त्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज करून दाद मागितली. उच्च अधिकारपदांची आकांक्षा आपण धरीत नाही, पोलीस व लष्कर या खात्यांत शिपायाची कनिष्ठ जागा तरी मिळावी, असे या अर्जाचे नम्र मागणे होते.

जुलै १९०८ मध्ये, म्हणजे आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पत्राच्या सुमारे साडेअकरा वर्षे आधी, त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक पुण्यात सुरू केले. खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याच्या चालीवर या मासिकाने कडक टीका आरंभिली. १९०९ मध्ये शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्यात पत्र लिहून आपली कैफियत मांडली आणि संसार करण्याची इच्छा कळविली, तेव्हा गणपतराव गायकवाड या कार्यकर्त्याने पुढे होऊन तिच्याशी विवाह केला.

नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या पर्वतीवरील देवालयात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पुण्यात सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या धुरीणांत कांबळे अग्रभागी होते, पां. ना. राजभोज, काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी प्रभृतींनीही त्यात भाग घेतला. सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली, देवालयाचे दरवाजे बंदच राहिले आणि जानेवारी १९३० मध्ये सत्याग्रह थांबला. त्यानंतर अल्पावधीतच, मार्चमध्ये, नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

सरकारदरबारी शिपायाच्या जागेसाठी विनंती करण्यापासून देवालयाच्या पायरीवर समान हक्काचा दावा मांडण्यापर्यंत अस्पृश्यांच्या चळवळीने पाव शतकात जी मजल मारली, तिच्या पुण्यातील आरंभाचे श्रेय मुख्यत्वे कांबळे यांच्या उद्योगाला जाते.