साखरेचे बोट धरून

अम्मी कांदा सोलताना वरचा वाळका पापुद्रा तेवढाच काढायची. आमच्यापैकी कुणी घाईत खालची ताजी पाकळी फेकली, की म्हणायची, ‘‘अरे, ताकद टाकतोस!’’ मी कलाशाखेचा पदवीधर, कविता करणारा. तिच्या बोलण्यामागचे रसायन मला फार उशिरा वाचनातून उमगले.

ही गोष्ट सुरू होते हंगेरीतल्या सेगेद शहरात. तिथे अल्बर्ट सेंट-ज्योर्जी पाप्रिका या मिरचीतून ‘क’ जीवनसत्त्व काढत होते. रक्तस्रावाच्या विकाराने आजारी असलेल्या एका ऑस्ट्रियन सहकाऱ्याने ते मागितले. शुद्ध स्फटिक पुरेसे नव्हते, म्हणून त्यांनी पाप्रिकाच पाठवली. माणूस बरा झाला. पुढे शुद्ध ‘क’ देऊन पाहिले, तर गुण येईना!

म्हणजे मिरचीत आणखी काही होते. लिंबातही तसेच द्रव्य सापडले. १९३६ मध्ये त्याला ‘जीवनसत्त्व पी’ म्हटले गेले. ते निघाले फ्लेवोनॉइडचे ग्लायकोसाइड, म्हणजे साखरेला जोडलेला वनस्पतीचा रेणू. साखरेचे बोट धरले की असा रेणू पाण्यात अधिक विरघळतो आणि झाडाला तो पेशीत साठवता येतो.

त्याच्या अभावाने रोग होतो, हे मात्र सिद्ध झाले नाही. १९५० मध्ये अमेरिकेत हे नाव सोडून देण्याची शिफारस झाली. जीवनसत्त्वाचा मान गेला, संशोधन टिकले. संत्रावर्गीय फळांच्या सालीतल्या हेस्पेरिडिनपासून बनवलेले डायोस्मिन आज शिरांच्या विकारांवर आणि मूळव्याधीवर दिले जाते.

१९९५ मध्ये नेदरलँड्समधील पीटर हॉलमन यांनी क्वेर्सेटिन हा रेणू नऊ जणांवर तपासला. कांद्यातले, ग्लुकोज जोडलेले क्वेर्सेटिन ५२ टक्के शोषले गेले, साखर नसलेले २४ टक्के आणि दुसरी साखरजोडी असलेले रुटिन १७ टक्के. मूळ रेणू एकच, पण सोबतची साखर बदलली की आतड्याचे दार कमी-अधिक उघडते. हाच धागा धरून रसायनशास्त्रज्ञ वनस्पतींतल्या रेणूंना निरनिराळ्या साखरा जोडून अँटिऑक्सिडंट औषधे शोधत आहेत.

पण परीक्षानळीत जमले ते शरीरात जमतेच असे नाही. आतडे आणि यकृत त्या रेणूचे रूपच पालटून टाकतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या दिल्या होत्या. १९९४ मध्ये निष्कर्ष आला : फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट वाढला.

हे सांगण्याचे कारण, माझ्या एका मित्राने ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली महागडी बाटली आणली आणि रक्तदाबाची गोळी बंद केली. चक्कर येऊन पडला, तेव्हा घरच्यांना कळले. सेंट-ज्योर्जींसारख्या नोबेल विजेत्याने ठेवलेले नावही पुराव्याअभावी मागे पडले. मग बाटलीवरच्या शब्दाची काय कथा? डॉक्टरांची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये.

आणि कांदा? त्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत क्वेर्सेटिन जास्त असते. अम्मी ती पाकळी औषध म्हणून नव्हे, भाजीत घालायची.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)