सूत्रकृमींचे दीर्घायुष्य आणि निरामय वार्धक्य : एक ऐतिहासिक आढावा

महर्षी धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 1962 मध्ये निवर्तले. महाराष्ट्र मात्र त्यांची केवळ एकशे चार वर्षे मोजत नाही; सत्तरीच्या सुमारास, 1929 मध्ये, महिला विद्यापीठासाठी त्यांनी आरंभिलेला परदेशप्रवास आणि 1944 मध्ये स्थापिलेला समता संघ यांचेही स्मरण ठेवतो. आयुष्याची लांबी आणि त्यातील कर्तेपणाचा काळ या दोन भिन्न राशी आहेत, हे समाजाला ठाऊक होते. प्रयोगशाळेत मात्र बराच काळ पहिलीच राशी मोजली गेली.

सिडनी ब्रेनर यांनी 1960 च्या दशकात केंब्रिज येथे ‘सी. एलिगन्स’ हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी निवडला, तो शरीराचा विकास व मज्जासंस्था यांच्या अभ्यासासाठी. त्याचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांत आटोपत असल्याने आयुर्मानाच्या अभ्यासकांनाही तो सोयीचा ठरला. 1983 मध्ये मायकेल क्लास यांनी त्याचे दीर्घायुषी वाण मिळविले; 1988 मध्ये फ्रीडमन व जॉन्सन यांनी ‘एज-1’ जनुकाचा संबंध दाखविला. 1993 मध्ये सिंथिया केनियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘डॅफ-2’ या जनुकातील बदलामुळे आयुष्य दुपटीहून अधिक होते, हे सिद्ध केले. वार्धक्यच लांबणीवर टाकता येईल, अशी आशा त्यातून पल्लवित झाली.

या संशोधनाची मुख्य कसोटी साधी होती. तारेने स्पर्श करूनही कृमी हलला नाही, तर तो मृत समजावा. मृत्यू मोजणे सोपे, दुर्बलता मोजणे अवघड. सोयीचे माप हेच मग सत्याचे माप मानले जाऊ लागले.

2015 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील हायडी टिसेनबॉम यांच्या गटाने दीर्घायुषी वाणांची हालचाल आणि ताण सोसण्याची शक्ती तपासली. आयुष्य वाढले होते, परंतु त्यातील दुर्बलतेच्या काळाचे प्रमाणही वाढले होते. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने निराळे चित्र मांडले : ‘डॅफ-2’ कृमी मंद दिसतात ते अशक्तपणामुळे नव्हे, तर त्यांना अन्न सोडवत नाही म्हणून, कमाल वेग मोजल्यास ते उतारवयातही चपळ आढळतात. म्हणजे वाद कृमींइतकाच मोजपट्टीचाही होता.

2017 मध्ये केनियन यांच्याच गटाने दोन्ही बाजूंना अंशतः पुष्टी दिली. या कृमींचा निरोगी काळ खरोखरच वाढतो. मात्र सामान्य कृमी ज्या जिवाणूंवर जगतात, त्यांच्याच शरीरातील प्रादुर्भावाने उतारवयात दगावतात. ‘डॅफ-2’ कृमी त्याला दाद देत नाहीत, आणि म्हणूनच जर्जर अवस्थेतही दीर्घकाळ तग धरून राहतात.